दर्यात लिथियम आहे, पण एका टँकरमध्ये दीड ग्रॅम

मागच्या महिन्यात मस्कतहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आपल्याच किनाऱ्यावरचा मुलगा. दहावीला माझ्या हाताखाली होता, आता तिकडे एसीचं काम करतो. सलाम-दुआ झाली, घरची खुशाली झाली. मग हळूच म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. आपल्या मालवणच्या दर्यात लिथियम सापडलंय म्हणतात. खाडीकाठी कंपनी येणार, जमीन घेणार. आत्ता तीन लाख घातले तर पाच वर्षांत पंधरा होतील असं एकजण सांगतोय. खरं आहे का?"

मी विचारलं, "काही दिलेस का?"

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पन्नास हजार दिलेत सर. बुकिंगचे."

त्याला फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण असा मेसेज एकट्याला जात नाही, हे आपल्याला माहीत आहे. आखातात राबणारे आपले हजारो भाऊ आहेत, त्यांच्या घरी पोस्टात, बँकेत थोडी शिल्लक आहे, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेलेही आहेत. म्हणून वर्गात फळ्यावर मांडतो तसा हा विषय इथे मांडतो आहे. यात थोडं गणित आहे, पण पाचवी-सहावीच्या पुढचं नाही.

आधी सरळ उत्तर

दर्यात लिथियम आहे का? आहे. अगदी नक्की आहे. जगातल्या सगळ्या समुद्रांत मिळून सुमारे २३० अब्ज टन, म्हणजे तेवीस हजार कोटी टन लिथियम विरघळलेलं आहे. लोकांना भुलवायला हाच आकडा वापरतात.

मग दुसरा प्रश्न विचारायचा: एका लिटरमध्ये किती? उत्तर आहे, ०.१७ मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमचे हजार भाग केले, त्यातला एक भाग घेतला आणि त्याचाही जेमतेम सहावा हिस्सा.

सगळा मामला या दोन आकड्यांमध्ये आहे. दर्या मोठा आहे, पण त्यातलं लिथियम फार विरळ आहे. माल किती आहे यापेक्षा तो किती पसरलेला आहे, यावर धंदा ठरतो. शेतात सांडलेले दहा किलो तांदूळ आणि पोत्यात भरलेले दहा किलो तांदूळ, वजन एकच. पण शेतातला दाणा दाणा वेचायची मजुरी कोण देणार?

लिथियम म्हणजे काय

१८१७ मध्ये स्वीडनच्या योहान आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञाने पेटलाइट नावाच्या दगडात हे मूलद्रव्य शोधलं. तो दगड उटो नावाच्या बेटावरच्या खाणीतला होता. ग्रीक भाषेत दगडाला 'लिथॉस' म्हणतात, त्यावरून लिथियम. हे नाव का, तर त्याच कुटुंबातलं पोटॅशियम आधी वनस्पतींच्या राखेतून माहीत होतं, हे मात्र दगडात मिळालं. या कुटुंबाला विज्ञानाच्या पुस्तकात अल्कली धातू म्हणतात. 'अल्कली' हा शब्द अरबी 'अल-क़ली'वरून आला, अर्थ खारट मातीत उगवणाऱ्या झुडपांची राख. तिच्यापासून साबण आणि काच करायचे. आपल्या मुलांना हे जरूर सांगा, पुस्तकातला हा शब्द आपल्या ओळखीचा आहे.

लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. पाण्यावर तरंगतो आणि पाण्याशी लगेच रासायनिक क्रिया करतो, म्हणून प्रयोगशाळेत तो तेलात बुडवून ठेवतात. त्यामुळे किनाऱ्यावर लिथियमचे खडे, लिथियमची वाळू असलं काही पडलेलं मिळत नाही. समुद्रात ते मिठासारखं विरघळलेल्या रूपात असतं, ज्याला आपण आयन म्हणतो. आणि रत्नागिरी ते विजयदुर्ग पट्ट्यात जी काळी रेती दिसते ती इल्मेनाइट, त्यात लोखंड आणि टायटॅनियम असतं. कोणी काळी रेती मुठीत धरून 'हे बघा लिथियम' म्हणत असेल तर तिथेच ओळखा.

आज याची एवढी मागणी का? बॅटरीमुळे. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ही बॅटरी घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. मोबाईल, लॅपटॉप, इलेक्ट्रिक स्कूटर, गाडी, सगळीकडे हीच.

पाण्यात आहे हे कळतं कसं

शाळेत ज्योतीचा प्रयोग करतो तेव्हा मुलं खूश होतात. तारेच्या टोकाला क्षार लावून निळ्या ज्योतीत धरायचा. लिथियमचा क्षार असेल तर ज्योत गडद लाल होते, सोडियमचा असेल तर पिवळी.

आता तारेवर समुद्राच्या पाण्याचा थेंब घ्या. ज्योत फक्त पिवळी दिसते. लाल कुठे गेली? ती आहे, पण पिवळ्यात बुडाली. समुद्राच्या पाण्यात सोडियम लिथियमच्या सुमारे साठ हजार पट आहे. लग्नाच्या बँडपुढे कोणी कानात बोलावं, तसं.

१८६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी ज्योतीचा उजेड लोलकातून पाठवला. रंग वेगवेगळे झाले, आणि पिवळ्या रेषेपासून दूर लिथियमची लाल रेष एकटी उभी दिसली. समुद्राच्या पाण्यात, झऱ्यांच्या पाण्यात, तंबाखूच्या राखेतसुद्धा त्यांना ती सापडली. म्हणजे 'समुद्रात लिथियम सापडलं' ही बातमी दीडशे वर्षांहून जुनी आहे. मालवणला काल सापडलेलं नाही.

आज प्रयोगशाळेत याच तत्त्वावरची पण फार बारीक यंत्रं आहेत. त्यांवर लिटरमागे मिलिग्रॅमचा हजारावा भागही मोजता येतो. पाणी गाळून, आम्ल घालून स्वच्छ बाटलीत भरायचं, माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून पाहायचं, की आकडा मिळतो. महत्त्वाचं असं की आकड्याशिवाय 'सापडलं' या शब्दाला विज्ञानात अर्थ नाही. किती सापडलं, कुठे, किती खोलीवर, कोणत्या महिन्यात, हे सांगावं लागतं.

मालवणचं पाणी वेगळं आहे का

नाही. नदीतून समुद्रात आलेलं लिथियम तिथे लाखो वर्षं राहतं, आणि तेवढ्या काळात सगळे समुद्र ढवळून निघतात. त्यामुळे खारेपणाशी त्याचं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच. मालवणच्या दांडीवर जे, तेच मुंबईच्या वरळीला, तेच मस्कतच्या किनाऱ्याला, थोड्याफार फरकाने. तिकडचं पाणी जास्त खारं, तर लिथियमही किंचित जास्त.

उलट खाडीत ते कमी होतं. नदीच्या पाण्यात लिथियम समुद्राच्या साधारण शंभराव्या भागाइतकं असतं. पावसाळ्यात कर्ली नदी दुथडी भरून देवबाग-तारकर्लीकडे येते तेव्हा खाडीचं पाणी गोडं होत जातं आणि लिथियमही विरळ होतं. म्हणजे जो माणूस 'खाडीकाठची जमीन लिथियमसाठी' विकत होता, तो समुद्रापेक्षाही विरळ पाण्याच्या काठची जमीन विकत होता.

सिंधुदुर्ग किल्ल्यात तर चारी बाजूंनी खारं पाणी असून दूध विहीर, दही विहीर आणि साखर विहीर गोड्या पाण्याच्या. एकाच बेटावर दोन प्रकारचं पाणी. ते चवीने कळतं, लिथियम चवीने कळत नाही. ते मोजावंच लागतं.

टँकरचं गणित

आता फळ्यावर मांडू. तुमच्या हातातल्या मोबाईलची बॅटरी ५००० एमएएचची असेल तर तिच्यात साधारण दीड ग्रॅम लिथियम असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये ०.१७ मिलिग्रॅम. दीड ग्रॅम म्हणजे १५०० मिलिग्रॅम. १५०० भागिले ०.१७, उत्तर आलं जवळपास ९००० लिटर.

उन्हाळ्यात गावात पाण्याचा मोठा टँकर येतो ना, तेवढा. एक टँकर दर्या, एक मोबाईल. तेही टँकरमधला प्रत्येक कण हाती लागला तर.

त्या टँकरमध्ये विरघळलेले क्षार किती? लिटरला ३५ ग्रॅम धरले तर सव्वातीन क्विंटलच्या आसपास. म्हणजे सहा-सात पोती मिठातून दीड ग्रॅम शोधायचं.

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला साधारण आठ किलो लिथियम लागतं. एका गाडीसाठी पावणेपाच कोटी लिटर समुद्र.

शिरोड्याच्या मिठागरात जाऊन पाहू

कोणी म्हणेल, सर, पाणी उन्हात आटवायचं, लिथियम खाली राहील. बरोबर आहे, आणि आटवण्याची कला आपल्याला नवीन नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची मिठागरं प्रसिद्ध आहेत. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह तिथे झाला होता.

मिठागरात भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. आटता आटता आधी चुन्याचे क्षार बसतात, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ. मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमिन राहतात. लिथियमही त्यातच राहतं, कारण ते सहजासहजी खाली बसत नाही. म्हणजे मिठागराने अर्धं काम फुकटात केलं, लिथियम दाट केलं.

पण हिशोब बघा. एक टन लिथियमसाठी सुमारे ५९ लाख घनमीटर समुद्राचं पाणी आटवावं लागेल. एका हंगामात एक मीटर उंचीचं पाणी उडतं असं धरलं, तरी सुमारे ५९० हेक्टर, म्हणजे साडेचौदाशे एकर वाफे लागतील. बाजूला दोन लाख टन क्षारांचा डोंगर उभा राहील. आणि हाती काय, तर सव्वाशे गाड्यांपुरतं लिथियम, तेही पुढची शुद्धी बाकी ठेवून. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. जूनमध्ये पहिला सडाका आला की सगळं पाण्यात. सिंधुदुर्गात साडेचौदाशे एकर सपाट खाजण एका जागी कुठे आहे, ते तुम्हीच सांगा.

मग चिली देशात हे कसं जमतं? तिथल्या अटाकामा वाळवंटात जमिनीखाली खारवट पाणी आहे आणि त्यात लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास लिथियम आहे. होय, लिटरला दीड ग्रॅम. मालवणच्या एका टँकरमध्ये जेवढं, तेवढं तिथल्या एका लिटरमध्ये. ते पाणी वर काढून तलावांत वर्ष-दीड वर्ष उन्हात ठेवतात. पाऊस जवळजवळ नाहीच. तरीही तिथले मूळ रहिवासी तक्रार करतात की वाळवंटातलं थोडकं पाणी आणखी खोल जातं आहे. म्हणजे निसर्गाने ताट वाढून दिलं तिथेही किंमत मोजावी लागते.

चाळण करायची तर मॅग्नेशियम आडवं येतं

शास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता धरला. पाणी आटवायचं नाही, पाण्यातून फक्त लिथियम पकडायचं. रापण लावली की जाळ्यात सगळंच येतं, पण जाळ्याचा आस बदलला तर विशिष्ट मासाच येतो. तसं जाळं, पण आयनांच्या मापाचं.

जपान आणि दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी मँगनीज ऑक्साइडचे असे कण केले की त्यांच्या आतल्या पोकळीत लिथियमच नीट बसतं. सोडियम मोठं, ते बाहेर राहतं. कण समुद्राच्या पाण्यात ठेवायचे, भरले की सौम्य आम्लाने धुवायचे, लिथियम सुटतं, कण पुन्हा वापरायचे. अडचण अशी की मॅग्नेशियमचा आयन आकाराने लिथियमच्या जवळपास आहे, आणि समुद्रात तो वजनाने सात हजार पटींहून जास्त आहे. एका खुर्चीसाठी सात हजार उमेदवार. शिवाय आम्लाने धुता धुता कण झिजतात, आणि एवढं पाणी कणांवरून खेळवायला पंप लागतात, पंपाला वीज लागते.

तिसरा रस्ता विजेचा. आखातातल्या आपल्या भावांना हा जवळचा वाटेल. सौदी अरेबियात जेद्दाच्या उत्तरेला थुवल इथे किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लाल समुद्राच्या पाण्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचा एक पडदा वापरला, ज्याच्या आतल्या वाटा इतक्या अरुंद आहेत की विजेच्या दाबाने लिथियमच पलीकडे जातं. पाच टप्प्यांत त्यांनी ०.२१ पीपीएमचं पाणी ९००० पीपीएमपर्यंत दाट केलं, म्हणजे चाळीस हजार पटींहून अधिक. एक किलो लिथियमला विजेचा खर्च सुमारे पाच डॉलर येईल असा त्यांचा अंदाज होता, आणि सोबत हायड्रोजन आणि क्लोरिन वायू मिळतात.

ऐकायला फार छान, आणि काम खरोखर मोठं आहे. पण शिक्षक म्हणून एक ओळ अधोरेखित करतो: पाच डॉलर हा फक्त विजेचा अंदाज आहे. पडदा, पंप, इमारत, देखभाल, क्लोरिनची विल्हेवाट यात धरलेली नाही. प्रयोगशाळेतलं यश आणि कारखान्यातला नफा यांच्यामध्ये बरीच वर्षं आणि बराच पैसा असतो.

समुद्राकडे जायचंच तर कुठे

आखातात तुम्ही पिता ते पाणी बहुतेक समुद्राचंच, क्षार काढून गोडं केलेलं. सौदी अरेबिया यात जगात पहिला आहे. गोडं पाणी काढल्यावर जे खारं पाणी उरतं ते जवळपास दुप्पट दाट असतं. पाणी आधीच उपसलेलं, आधीच गाळलेलं. लिथियम काढायचं तर नवा पंप बसवण्यापेक्षा या उरलेल्या पाण्यातून काढणं शहाणपणाचं, असं अनेक संशोधकांना वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात मुंबई महापालिकेने मनोरी इथे रोज २०० दशलक्ष लिटर गोडं पाणी देणारा असा प्रकल्प आखला आहे. तेवढ्यासाठी समुद्रातून त्याच्या दुपटीहून जास्त, समजा ४५० दशलक्ष लिटर पाणी घ्यावं लागेल. त्यातून रोज पाऊणशे किलोच्या आसपास लिथियम वाहून जाईल. नऊ गाड्यांपुरतं. सगळं पकडता आलं तरी एवढंच, आणि हा महानगराच्या पाण्याचा प्रकल्प आहे. मच्छीमारांना त्या दाट खाऱ्या पाण्याची जी चिंता वाटते ती वेगळी.

मिठाचं उरलेलं कडवट पाणी सगळ्यांत जास्त गुजरातमध्ये आहे, कारण देशाचं बहुतेक मीठ तिथेच पिकतं. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. भारतात समुद्राच्या पाण्यातून मोलाचे पदार्थ काढण्याचं ज्ञान कुठे जमा होत असेल तर अशा ठिकाणी.

जमिनीतलं गरम पाणीही एक वाट आहे. गरम पाणी खडकातून फिरताना थोडं लिथियम विरघळवून आणतं. लडाखच्या पुगा खोऱ्यात असे झरे आहेत. कोकणातही वज्रेश्वरीपासून तुरळ, राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे. तिथला अभ्यास होत राहावा, पण अभ्यास म्हणजे खाण नव्हे.

आणि आपलं सरकार लिथियम शोधतंय कुठे? फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांच्या अंदाजाची बातमी आली. तो अंदाज खनिजाचा होता, आणि प्राथमिक होता. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये 'काबिल' या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात १५,७०३ हेक्टरवरच्या पाच पट्ट्यांचा करार केला. तिथेही जमिनीखालचं दाट खारं पाणीच आहे. विचार करा, एवढा लांब किनारा दारात असताना सरकार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला का गेलं? कारण तिथलं पाणी दाट आहे.

पैसे मागणाऱ्याला पाच प्रश्न

कोणी लिथियमच्या नावाने पैसे मागितले तर नम्रपणे एवढं विचारा.

पहिला, पाण्यात लिटरला किती मिलिग्रॅम, आणि कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल?

दुसरा, खनिज असेल तर केंद्र सरकारच्या लिलावाच्या यादीत हा पट्टा आहे का? लिथियमसारख्या खनिजांचे लिलाव २०२३ च्या कायद्यातल्या बदलानंतर केंद्र सरकारच करतं, आणि याद्या जाहीर असतात.

तिसरा, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी कुठे आहे? मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

चौथा, ठरावीक नफ्याचं वचन कशाच्या जोरावर? आपल्या दीनी समजेतही नफा-तोट्याचा हिस्सा सांगून धंदा होतो, आधीच ठरवलेली वाढ सांगून नाही. इथे धर्म आणि अक्कल दोन्ही एकच सांगतात.

पाचवा, पैसे घेतल्याची कंपनीच्या नावाची पावती आणि नोंदणी क्रमांक द्याल का?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. सत्याग्रहाचं साल लक्षात ठेवलं की नंबर लक्षात राहतो. शरमेने गप्प बसू नका. फसवणारा आपल्या शरमेवरच जगतो.

लिथियम खरं कुठे आहे? कपाटात

आता शेवटचं गणित. तुमच्या घरी बंद पडलेले, काच फुटलेले जुने मोबाईल किती आहेत? आमच्या कपाटात पाच निघाले. जुन्या बॅटऱ्या लहान, प्रत्येकी एक ग्रॅम धरू. पाच ग्रॅम लिथियम. तेवढं समुद्रातून काढायचं तर तीन टँकर. शिवाय त्यांत कोबाल्ट आणि तांबं आहे, तेही किमती.

भारतात बॅटऱ्या मोडून हे धातू परत मिळवणारे कारखाने सुरू झाले आहेत, आणि २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण आपण त्या देत नाही. कचऱ्यात टाकतो, कचरा जाळला की त्या पेट घेतात, नाहीतर पावसात वाहून खाडीत जातात, जिथे आपलेच लोक मासे पकडतात.

इस्राफ, म्हणजे नासाडी, आपल्याकडे गैर मानलं आहे. वाहत्या पाण्यावर वुजू करतानाही पाणी जपायची शिकवण आहे. मग कपाटात पडलेली ही दौलत? शाळेने आणि मोहल्ल्याच्या जमातने मिळून सहा महिन्यांतून एकदा जुने मोबाईल गोळा करून अधिकृत केंद्राला दिले तर मोठं काम होईल. फक्त लक्षात ठेवा: बॅटरी घरी फोडायची नाही, फुगलेली बॅटरी साठवायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही.

मुलांना काय सांगायचं

लिथियमवर पैसे लावायचेच असतील तर मुलाच्या शिक्षणावर लावा. बारावी विज्ञान, मग रसायनशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जी सावंतवाडीहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. आपल्या मुली शाळेत विज्ञानात पुढे असतात, दहावीनंतर थांबतात. त्यांना थांबवू नका. आणि सोडियमच्या बॅटऱ्यांवरही जगभर काम चालू आहे. त्या वजनाने जड, पण सोडियम दर्याकडे हवं तेवढं आहे. उद्या त्यात यश आलं तर मिठागराच्या गावची मुलं त्यात का नसावीत?

मस्कतच्या त्या विद्यार्थ्याने मी सांगितलेला पहिला प्रश्न त्या माणसाला विचारला. लिटरला किती मिलिग्रॅम? दोन दिवस उत्तर नाही, मग नंबरच बंद. त्याने १९३० ला तक्रार नोंदवली आहे. पन्नास हजार परत येतील की नाही, अल्लाह जाणे. अडीच लाख मात्र वाचले. त्याची धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञानाला आहे. ते अडीच लाख तिच्या शिक्षणाला ठेवतो म्हणाला.